तिसरे गाव

श्रीपेरुंबुदूरहून सिंगपेरुमाळ कोविलकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरगडम लागते. सांगताना सगळेच त्याला चेन्नई म्हणतात. प्रत्यक्षात ते महानगराच्या बरेच बाहेर, कांचीपुरम जिल्ह्यात आहे. ताडांच्या विरळ रांगा, भाताची खाचरे आणि पावसाचे पाणी अडवून धरणारे विस्तीर्ण, उथळ तलाव हे या भूमीचे जुने रूप. या तलावांना तमिळमध्ये ‘एरी’ म्हणतात. सिपकॉट या राज्य शासनाच्या संस्थेने येथे औद्योगिक वसाहत उभारली आणि पाहता पाहता खाचरांच्या जागी कारखाने आले. २०१० मध्ये रेनॉ-निसानच्या मोटारी, २०१२ मध्ये डाइम्लरच्या मालमोटारी आणि २०१३ मध्ये रॉयल एनफील्डच्या मोटारसायकली येथून बाहेर पडू लागल्या. शिफ्ट सुटण्याच्या वेळी रस्त्यावर बसगाड्यांची रांग लागते आणि त्या गाड्यांतून उतरणाऱ्या माणसांत तमिळच्या जोडीने ओडिया, हिंदी, तेलुगू ऐकू येते. क्वचित मराठीही. चाकणला वाहनधंद्यात हात बसलेल्या माणसाला ओरगडममध्ये काम मिळते. यंत्रांची भाषा दोन्हीकडे एकच असते.

असाच एक अभियंता २०१६ च्या जूनमध्ये पुण्याहून येथे आला. दोन वर्षे काढू आणि परत जाऊ, असे ठरले होते. पत्नी पुण्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवीत होती. ओरगडमच्या आसपास तिच्या विषयाला वर्ग नव्हता, आणि सोडलेली कायम नोकरी पुन्हा मिळण्याचा भरवसा नव्हता. मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. घराचे हप्ते चालू होते. हिशेब मांडला तेव्हा तो बिनचूक जुळला. त्यात माणसे कुठे मांडायची हा प्रश्न त्या वेळी कुणाला सुचला नाही.

दोन वर्षांची चार झाली. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि तो खोलीत अडकला. मे महिन्याच्या अखेरीस विमाने पुन्हा उडू लागली, तरी त्याला घरी पोहोचायला दिवाळी उजाडली. त्या महिन्यांत रोज रात्री साडेनऊला दूरध्वनी होई. मुलीचा अभ्यास, आईच्या गोळ्या, सोसायटीची वर्गणी, उद्याचा डबा अशा क्रमाने बोलणे सरकत जाई आणि दहाच्या सुमारास संपे. पुढे टाळेबंदी उठली, पण संभाषणाचा तो साचा तसाच राहिला. त्यात काही चुकत नव्हते. एखादे कार्यालय नीट चालावे तसे त्यांचे लग्न नीट चालले होते.

वर्षातून तीनदा तो घरी जाई. पण घरी गेलेला माणूस घराचाच होतो. बँकेतली कामे, नातेवाइकांकडचे जेवण, मुलीचे स्नेहसंमेलन यांत चार दिवस कसे जात ते कळत नसे. आणि निघण्याच्या रात्री बॅग भरताना दोघांना जाणवे की आपण एकमेकांशी बोललोच नाही. तिने ओरगडमला यावे, तर तिथे एक खोली, एक पलंग आणि शेजारच्या खोलीत दोन सहकारी. त्याचे गाव तिचे नव्हते आणि तिच्या घरात तो पाहुणा होऊ लागला होता. तेव्हा तिनेच २०२३ च्या दिवाळीत सुचवले : आपण कुठल्या तरी तिसऱ्या गावी भेटू या. पोंगलला कारखाना बंद असतो. चेन्नईहून कोलंबो पुण्यापेक्षा जवळ आहे. मुलगी आजीजवळ राहील. वयाच्या चाळिशीत परदेशी बेटावर सुट्टीला जाण्याची ही कल्पना घरात थोडी चेष्टेची झाली. पण सासूबाईंनीच तिळाचे लाडू बांधून डबा हातात दिला आणि तो विषय संपवला.

१२ जानेवारी २०२४ च्या दुपारी ती चेन्नईत उतरली. त्याने ती संध्याकाळ ओरगडम दाखवण्यासाठी राखून ठेवली होती. साडेसात वर्षांत ती येथे एकदाही आली नव्हती, हे दोघांनाही त्या क्षणापर्यंत विचित्र वाटले नव्हते. त्याने तिला जवळच्या वल्लकोट्टैला मुरुगनाच्या देवळात नेले. मुरुगन म्हणजे कार्तिकेय. महाराष्ट्रात तो ब्रह्मचारी. बायकांनी त्याचे दर्शन घेऊ नये असा समज तिच्या आजीने तिच्या मनावर ठसवलेला. येथे मात्र मुरुगन वल्ली आणि देवयानै या दोन पत्नींचा पती, आणि दर्शनाच्या रांगेत निम्म्याहून अधिक बायका. गजऱ्यांच्या त्या गर्दीत ती क्षणभर थबकली आणि मग हसून म्हणाली, “गाव बदललं की देवसुद्धा बदलतो म्हणायचा.” तो म्हणाला, “सरि.” तमिळमध्ये याचा अर्थ ‘बरं’. आपण हा शब्द उच्चारला हे त्याच्या लक्षातही आले नाही, तिच्या आले.

खोलीच्या भिंतीवर मराठी कालनिर्णय टांगलेले होते. दर दिवाळीला परतताना तो ते घेऊन येई. त्यावर कसलीही खूण नव्हती, फक्त पुण्याला जाण्याच्या तारखांभोवती पेन्सिलीची वर्तुळे होती. ती वर्गात गाथासप्तशती शिकवी. दोन हजार वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्राचे मन ज्या प्राकृत गाथांत सापडते त्या हालाच्या संग्रहात, वाटेला लागलेल्या पतीचे दिवस भिंतीवर रेघांनी मोजणारी एक स्त्री आहे. पहिला दिवस अर्धाही सरत नाही तोच तिची भिंत भरून जाते. विद्यार्थ्यांना ही गाथा समजावताना ती नेहमी त्या स्त्रीबद्दल बोले. रेघा मोजणारा पुरुषही असू शकतो, आणि त्याची भिंत भाड्याची असू शकते, हे तिला त्या संध्याकाळी पहिल्यांदा दिसले.

रात्री न्हाणीघरातला नळ ठिबकत होता. बादलीत पडणाऱ्या थेंबाचा आवाज त्या लहान खोलीत हातोड्यासारखा वाजत होता. “किती दिवस?” तिने विचारले. “असेल चार महिने.” पुण्याच्या घरात नळ, मिक्सर, इस्त्री यांपैकी काहीही बिघडले तरी पूर्वी तो मध्यरात्री उठून पान्हा हातात घेत असे. ती उठली, पिशवीतून दोरा काढला, नळाच्या तोंडाला बांधला आणि त्याचे टोक बादलीत सोडले. थेंब दोऱ्यावरून नि:शब्द उतरू लागला. “हे कधी शिकलीस?” त्याने विचारले. “तू नव्हतास तेव्हा,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच ते त्याला अधिक लागले.

विरहाला आपल्या साहित्यात मोठे घर मिळाले आहे. गाथासप्तशतीतल्या पथिकांच्या स्त्रियांपासून जात्यावर मुंबईच्या वाटेकडे पाहणाऱ्या कोकणातल्या चाकरमान्यांच्या बायकांपर्यंत ही परंपरा अखंड आहे. मेघदूताला मराठीत चिंतामणराव देशमुख, कुसुमाग्रज, शान्ता शेळके यांच्यासारखे अनुवादक लाभले, वा. वि. मिराशी यांनी यक्षाचा रामगिरी नागपूरजवळच्या रामटेकशी जोडून दाखवला, तेव्हा तर तो विरह जणू महाराष्ट्राच्याच वाट्याला आला. पण कालिदास कुठे थांबतो हे पाहण्यासारखे आहे. वर्षभराच्या शापातले आठ महिने सरलेले आहेत, चार उरले आहेत. यक्ष मेघाजवळ निरोप देतो आणि काव्य संपते. चार महिन्यांनंतर अलकेतल्या त्या घराचे दार उघडले तेव्हा काय झाले, पहिल्या रात्री दोघे काय बोलले, बोलले तरी का, हे कवी सांगत नाही. विरहात माणूस आपल्या मनातल्या माणसाशी बोलत असतो. भेटीत समोरच्या माणसाशी बोलावे लागते. पहिले काव्याला सोपे आहे.

आणि बेट म्हणावे तर मराठी मनाच्या स्मृतीत बेट हे ताटातुटीचेच ठिकाण आहे. अंदमानच्या कारागृहात सावरकर बंधूंना कुटुंबीयांची भेट मिळाली ती १९१९ मध्ये. विनायकरावांना पत्नी यमुनाबाई आठ वर्षांनी दिसल्या, पण थोरले बंधू बाबाराव यांच्या पत्नी येसूवहिनी त्या भेटीपूर्वीच वारल्या होत्या. त्याही मागे जाऊन पाहिले तर लंका उभी आहे. समुद्र बांधून, युद्ध जिंकून जी भेट होते ती वाल्मीकींनी सुखाची रंगवलेली नाही. राम सीतेला कठोर बोलतो, आणि अग्नी पेटतो. एवढ्या विरहानंतर आलेली भेट ही परीक्षा होऊन बसते, हे आदिकवीने कुणाचीही भीड न ठेवता सांगितले आहे. सांगण्यासारखी गोष्ट ही की त्या लंकेलाच आता हे दोघे चार दिवसांची सुट्टी घेऊन निघाले होते.

विमान दीड तासाच्या आत कोलंबोला पोहोचले. दोन्ही देशांची वेळ एकच, त्यामुळे घड्याळाचे काटे फिरवावे लागले नाहीत. रस्त्यावर जिकडेतिकडे बजाजच्या तीनचाकी रिक्षा होत्या. त्या पाहून तिला पुणे आठवले. लाल रंगाच्या बसवर अशोक लेलँडचे नाव दिसताच तो तिच्या सांगाड्याविषयी, स्प्रिंगपट्ट्यांविषयी बोलू लागला. परक्या बेटावरही आपापले गाव चाकांवर बसून दोघांच्या आधी येऊन पोहोचले होते. पहिला दिवस असा इकडच्या तिकडच्या बोलण्यात गेला. संध्याकाळी दोघे समुद्रावर बसले, आणि साडेनऊ वाजले तेव्हा दोघांचाही हात सवयीने फोनकडे गेला. मग दोघे ओशाळून हसले. समोरासमोर बसलेल्या माणसाला काय विचारायचे असते याचा सराव राहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी भोगी. कोलंबो फोर्ट स्थानकातून गॉलची गाडी समुद्राला अगदी बिलगून जाते. काही ठिकाणी रूळ आणि लाटा यांच्यामध्ये केवळ दगडांची ओळ उरते. हिक्कडुवाच्या अलीकडे पेरालिया येते. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीच्या लाटेने येथेच एक भरलेली गाडी उलथवली आणि हजाराहून अधिक माणसे दगावली. डब्यातल्या एका वृद्ध सहप्रवाशाने खिडकीतून बोट करून स्मारक दाखवले. त्या गाडीतही कुणी कुणाला भेटायला निघाले असेल, कुणी महत्त्वाचे बोलणे उद्यावर ढकलले असेल. तिने हे शब्दांत मांडले नाही. त्याने खिडकीची काच खाली ओढली, पुन्हा वर केली.

तो वृद्ध तोडक्या इंग्रजीत बोलत होता, पण मध्येच सिंहली शब्द येत. त्याने ‘दवस’ म्हटले तेव्हा तिचे कान टवकारले. दवस म्हणजे दिवस. गावाला तो ‘गम’ म्हणाला. संस्कृत-प्राकृताच्या एका जुन्या शाखेने समुद्र ओलांडला, हजारो वर्षे ती भगिनींपासून दूर राहिली, शेजारी द्राविड भाषांच्या सहवासात तिचा उच्चार बदलला, वाक्याची चाल बदलली. तरी दिवसाला ती दिवसच म्हणत राहिली. वर्गात शिकवावे तसे ती हे सारे त्याला सांगत गेली, आणि कितीतरी वर्षांनी तो तिचे बोलणे मध्ये न तोडता ऐकत राहिला. मग तिने आनंदीबाई जोश्यांचा विषय काढला. १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघालेल्या आनंदीबाई आणि मागे राहिलेले गोपाळराव यांच्यामध्ये तीन वर्षे केवळ पत्रे होती. १८८६ च्या मार्चमध्ये त्यांना पदवी मिळाली तेव्हा गोपाळराव फिलाडेल्फियात येऊन पोहोचले होते. “त्यांनी पाठवलेली मुलगी त्यांना तिथे भेटलीच नाही,” ती म्हणाली. “भेटली ती डॉक्टर. शिकवलं त्यांनीच, पण शिकलेल्या बाईशी ओळख मात्र नव्यानं करून घ्यावी लागली असणार.” पुढच्या वर्षी २६ फेब्रुवारीला आनंदीबाई पुण्यात वारल्या; ओळख पुरी व्हायला तेवढा अवकाश मिळाला नाही. तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला, “आपल्याला आहे अजून.”

गॉलचा किल्ला पोर्तुगीजांनी आरंभला आणि डचांनी सतराव्या शतकात भक्कम केला. १९८८ पासून तो जागतिक वारसा मानला जातो. तटावरून चालत गेले की एका बाजूला मोकळा समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कौलारू घरांची अरुंद गल्ली. संक्रांतीच्या संध्याकाळी दोघे दीपगृहाजवळ तटावर बसले. सासूबाईंचा डबा उघडला. “तिळगूळ घे, गोड बोल,” ती म्हणाली. लाडू हातात घेऊन तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. चाकणच्या एका लहान कारखान्याचे नेमणूकपत्र होते. पगार आताच्या दोनतृतीयांश. उत्तर द्यायची मुदत महिनाअखेर. पत्र येऊन पंधरा दिवस झाले होते.

“सांगितलं का नाहीस?”

“तुझं सगळं बसलेलं आहे. नळवाला, गॅरेजवाला, मुलीचा अभ्यास. रात्रीचं जेवणाचं टेबल तुझ्या पुस्तकांनी भरलेलं असतं. मी आलो की तू ती उचलून ठेवतेस, आणि मी गेलो की पुन्हा मांडतेस. मला दिसतं ते. मी परत आलो तर कुठे बसायचं, ते कळेना.”

आढेवेढे घेण्याचा मोह तिला झाला नसेल असे नाही. पण तिने तो टाळला. “खरं सांगू? तुझी सवय राहिलेली नाही मला,” ती म्हणाली. “रात्री एकटीनं वाचत बसायला आवडतं. कुणाला न विचारता ठरवायला आवडतं. तू आलास की पहिले दोन दिवस मला अडचण होते, आणि मग अडचण होते याचंच वाईट वाटतं. पण सवय मोडली म्हणजे ओढ मोडली असं नाही. सवय नसलेल्या माणसाला सुद्धा बोलवावंसं वाटतं ना? तसं मी तुला बोलावते आहे. गरज म्हणून नाही.”

हे ऐकायला सुखाचे नव्हते. आपली गरज आहे, आपल्यावाचून अडले आहे, या आधारावर त्याने साडेसात वर्षे भाड्याची खोली सोसली होती. तो आधार तिने काढून घेतला, आणि त्याच्या जागी दुसरा दिला. तो अधिक भक्कम आहे की नाही हे त्याला लगेच ठरवता येईना. अग्नीतून जाणे म्हणतात ते कदाचित एवढेच असावे : दूर राहून मनात जपलेली दोघांची चित्रे जळून जाऊ देणे, आणि मागे काय उरते ते पाहण्याइतका वेळ तिथे उभे राहणे. रामायणात ही परीक्षा एकट्या सीतेला द्यावी लागली. तटावरच्या त्या दगडावर ती दोघांनी दिली, एवढा काळ मधल्या शतकांत नक्कीच पुढे सरकला आहे.

“टेबल मोठं घेऊ,” काही वेळाने तो म्हणाला. “दोघांची कागदं मावतील असं.” “पगार कमी होणार आहे,” तिने आठवण दिली. “मग मीच करीन. प्लायवूड आणीन.” त्यावर ती मनापासून हसली. खाली खडकांवर काही मुले समुद्रात उड्या घेत होती आणि अंधार पडायला अजून अवकाश होता.

शेवटचे दोन दिवस त्यांनी फारसे काही पाहिले नाही. ज्या गोष्टींसाठी लोक बेटावर जातात त्यांपैकी अनेक राहून गेल्या. ते उशिरा उठले, एकदा क्षुल्लक कारणावरून भांडले, आणि भांडणाला दूरध्वनी बंद करण्याची सोय नसल्यामुळे ते त्यांना पुरे करावे लागले. तिसऱ्या गावाचा हा गुण होता. तिथे कुणी यजमान नव्हते, कुणी पाहुणे नव्हते. खोलीची किल्ली दोघांची सारखीच होती.

१७ जानेवारीला दोघे चेन्नईला परतले. तिचे पुण्याचे विमान तीन तासांनी होते. विमानतळावर निरोप घेताना नेहमीप्रमाणे दोघांनी पोहोचल्यावर कळवायचे ठरवले, आणि ती आत गेली. तो ओरगडमच्या बसमध्ये बसला. दारादारांपुढे पोंगलचे कोलम अजून पुसले गेले नव्हते. एरीच्या पाण्यावर कारखान्याचे दिवे उतरले होते.

खोलीत शिरल्यावर त्याला ती शांतता आधी ओळखू आली नाही. मग त्याने न्हाणीघरात जाऊन पाहिले. नळाला बांधलेला दोरा तसाच होता आणि पाणी त्यावरून आवाज न करता खाली उतरत होते. बादली केव्हाच भरून वाहून गेली होती. थेंब ऐकू येत नव्हता म्हणून तो थांबला होता असे नाही. त्याने संगणक उघडून चाकणला होकार कळवला, पत्राची एक प्रत तिला पाठवली. दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर तो टपरीशेजारच्या हार्डवेअरच्या दुकानात गेला आणि नळाचा वॉशर घेऊन आला. खोली दोन महिन्यांत सोडायची होती. तरीही त्याने पान्हा काढला, दोरा सोडवून नीट गुंडाळून ठेवला आणि नळ दुरुस्त केला.